पॅनल नंतर, आधी स्लॅब: औशातल्या एका गच्चीच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

छतावर सोलर बसवायचं ठरलं. सहा पॅनल, प्रत्येकी ५४५ वॅटचं, म्हणजे ३.२७ किलोवॅट. कोटेशन १ लाख ९५ हजारांचं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं, ते नंतर खात्यावर येईल.

पुरवठादाराचा माणूस आज गच्ची बघून गेला. चार मिनिटं होता. मोबाईलवर फोटो काढले, बुटाची टाच दोनदा आपटली आणि म्हणाला, "टकाटक आहे. स्लॅबच आहे ना? मग काय बघायचंय?"

त्याला दोष देत नाही, आमच्याकडे सगळेच असं बोलतात. घर १९९६ सालचं. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आणि त्यानंतर आमच्या गल्लीत कुणी माळवदाखाली, म्हणजे मातीच्या छताखाली, झोपायला धजत नव्हतं. ज्याच्याकडे चार पैसे जमले त्याने माळवद उतरवून स्लॅब टाकला, आप्पांनीही टाकला. तेव्हापासून या गावात 'स्लॅब आहे' म्हटलं की विषय संपतो.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पंधरा वर्षं अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये भोक पाडून बसवायचे बोल्ट, विकतोय. लावला मात्र एकही नाही. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढच्या चुका वाचताना नवल वाटणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

गच्ची वरून बघण्याआधी खालून बघितली. हातात अर्ध्या किलोची हातोडी, बॅटरी आणि खडू. स्टुलावर चढून प्रत्येक खोलीचं छत फूट-दीड फुटाच्या अंतराने ठोकत गेलो. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो. प्लॅस्टर सुटलंय किंवा आत सळई गंजून फुगलीय तिथे डब्‌ डब्‌ वाजतं, बाजारात कलिंगड वाजवून बघताना पिकलेलं वाजतं तसं. डब्‌ वाजलं की खडूने गोल.

ओसरी, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर ठीक निघालं. पुढच्या खोलीत २०१४ साली हौसेने पीओपीचं छत केलंय, त्यामुळे वरचं काहीच दिसत नाही. एक चौकोन कापून डोकं आत घातलं. तिथेही बरं होतं, पण तो चौकोन बुजवायला पुढे आठशे रुपये गेले.

न्हाणीघरात मात्र खडू संपत आला. वर हजार लिटरची टाकी आहे. गेली कित्येक वर्षं ती भरून वाहायची आणि पाणी त्याच कोपऱ्यात मुरायचं. छताला चहाच्या डागासारखे तांबूस ओघळ होते. ते मला रोज आंघोळ करताना दिसायचे, आणि मी रोज त्यांना रंगाचा दोष समजायचो. ठोकल्यावर परातीएवढा पोपडा बादलीत पडला. आत ८ मिलिमीटरची सळई उघडी. तारेच्या ब्रशने घासून व्हर्नियर लावला तर एका जागी सहाच भरली, उरलेली दोन मिलिमीटर ब्रशला लागून निघाली होती.

वेळ: सगळं घर ठोकायला साडेतीन तास. खर्च: शून्य. डोळ्यात चुना गेला, गॉगल घालायला हवा होता. दुकानात तीस गॉगल टांगलेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

लातूरहून स्ट्रक्चरल अभियंता बोलावला. फी चार हजार. आप्पा म्हणाले, "चार हजारात एक पॅनल आलं असतं." आलं नसतं, पण मी गप्प बसलो.

त्याने रिबाउंड हॅमरने (उसळीवरून काँक्रीटचा कठीणपणा मोजणारं हत्यार) स्लॅब सात-आठ ठिकाणी तपासला, न्हाणीघराचं छत बघितलं, मग गच्चीवर कागद काढला. मी घाबरत विचारलं, एवढं वजन झेपेल का? तो हसला. "पॅनल २८ किलोचं. सहांचं १६८. लोखंड धरून तीनशेच्या आसपास. तुमची टाकी भरली की एकटी हजार किलोची आहे, आणि ती जेमतेम चौरस मीटरभर जागेत बसलीय. ती ठेवताना कुणाला विचारलं होतं?"

वापरत्या गच्चीसाठी चौरस मीटरला १५० किलो भार धरून स्लॅब तपासतात. पॅनल, लोखंड आणि पायांखालचे काँक्रीटचे ठोकळे धरूनही आमचं पन्नासच्या आतच येत होतं.

मग त्याने कागद उलटा केला. खरी गोष्ट त्या बाजूला होती. आमच्या भागासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब निघतो: चौरस मीटरला ९१२ न्यूटन, ढोबळ ९३ किलो. एक पॅनल २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद, सहांचं मिळून साडेपंधरा चौरस मीटर. गुणाकार १,४४० किलोच्या घरात गेला. उंची, आडोसा, कल यांचे गुणक लावून आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, ते त्याने लावले. माझ्यापुरतं एवढं कळलं की खाली दाबायला तीनशे किलो आहेत आणि मागून वारं शिरलं तर वर उचलायला चौदाशे. मधले अकराशे किलो धरून ठेवायचे ते बोल्टांनी.

म्हणजे मी आठ दिवस चुकीच्या बाजूने घाबरत होतो.

त्याचे निर्णय असे. न्हाणीघराचा कोपरा आधी दुरुस्त करायचा आणि त्याच्यावर एकही पाय द्यायचा नाही. सांगाडा कठड्यापासून तीन फूट आत, कारण कडेला वारं जास्त ओढतं. पाय शक्यतो भिंतीच्या किंवा बीमच्या डोक्यावर. आठपैकी सहा तसे बसले.

२ मार्च, रविवार

उंचीवरून घरात वाद. पुरवठादाराचं म्हणणं, आठ फूट उंच मांडव करू, खालची जागा मोकळी राहील. आईला ते एकदम पटलं. तिच्या कुरडया, पापड, तुरीची डाळ, सगळं वाळवण गच्चीवर असतं. "सावलीत बसून राखण तरी करता येईल, कावळ्यायला हाकलत उन्हात बसावं लागतंय."

अभियंत्याला फोन केला. उंच करता येईल म्हणाला, पण मग पाय जाड, तिरपे आधार जास्त आणि बुडाशी उलथवणारा जोर मोठा. "तुमच्या स्लॅबचं १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) हातमिश्रित काँक्रीट आहे, त्याला मी एम-१५ च्या, म्हणजे हलक्या ताकदीच्या, वर धरणार नाही. बुटकं करा."

बुटकंच ठरलं. पुढचा पाय दीड फूट, मागचा जवळपास चार फूट, कल १८ अंश. पूर्वेकडची अर्धी गच्ची वाळवणाला मोकळी. आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

९ मार्च, रविवार

पुरवठादाराची दोन पोरं पाय बसवायला आली. आधी त्यांनी मागचे पाय सरळ कठड्यात ठोकायला घेतले, कारण तिथे उंची आयती मिळते. आमचा कठडा चार इंची विटेचा. पहिलाच बोल्ट आवळताना गरगर फिरला, वीट चिरली. थांबवलं. भूकंपात सगळ्यात आधी पडतो तो कठडा, हे औशात कुणाला सांगावं लागू नये.

मग गच्चीत भोकं. १० मिलिमीटरचा, १०० मिलिमीटर लांबीचा फास्टनर. मशीन सुरू झालं आणि भोकाभोवती भुकटीची रास जमायला लागली. लाल. दोन इंच गेलं, लाल. तीन इंच, लाल. पोराने बोल्ट ठोकला, पाना लावला, "झाला घट्ट."

मी त्याला विचारलं, भुकटी लाल का? म्हणाला, "गच्ची हाय ना सर, लालच निघती."

काँक्रीटची भुकटी लाल नसते, राखाडी असते. स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा आहे, विटांचे तुकडे चुन्या-सिमेंटमध्ये बसवून ढाळ दिलेला, पाणी गळू नये म्हणून. आमच्याकडे तो चार इंच निघाला. १०० मिलिमीटरचा बोल्ट म्हणजे चार इंच. तो सगळाच्या सगळा विटांच्या तुकड्यात बसला होता, स्लॅबला त्याचं टोकही लागलं नव्हतं.

पोरांना चहा पाजला आणि पाठवून दिलं. पुरवठादार फोनवर म्हणाला, तालुक्यात शंभर ठिकाणी असंच लावलंय. असेल.

१० मार्च, सोमवार

दुकान उघडायच्या आधी त्या बोल्टाची परीक्षा घेतली. सहा फुटांचा दीड इंची जीआय पाईप. बोल्टापासून एक फुटावर सागाचा ठोकळा टेकू म्हणून, पलीकडे पाच फूट मोकळा. बोल्टाला साखळी, दुसऱ्या टोकाला दुकानातली मापं. पाचास एक असं पडतं, म्हणजे टोकाला दहा किलो टांगले की बोल्टाला पन्नास किलोची ओढ.

दहा किलोला काही झालं नाही. वीस टांगले आणि बोल्ट आवाजसुद्धा न करता वर आला, हिरडीतून हलता दात यावा तसा. बुडाशी विटेचा शंकूसारखा तुकडा चिकटलेला. शंभर किलो आणि वर पाईपचं वजन, एवढ्यातच.

दुपारी उदगीरच्या मेव्हण्याला फोन केला. गेल्या उन्हाळ्यात वावधान सुटलं तेव्हा त्यांची चार पॅनल अख्ख्या सांगाड्यासकट शेजारच्या परसात उलटी पडली होती. तेव्हा सगळे म्हणाले, वारंच तसं होतं. मी म्हटलं, दाजी, ते बोल्ट आहेत का अजून? होते, एका डब्यात. त्यांनी फोटो पाठवला. एकही वाकलेला नाही, एकही तुटलेला नाही, आट्यांमध्ये लाल माती बसलेली.

१६ मार्च, रविवार

ठरलेली पद्धत: प्रत्येक पायाच्या जागी एक फूट बाय एक फूट कोबा काढायचा, स्लॅब उघडा करायचा, स्लॅबमध्ये १२ मिलिमीटरचे चार थ्रेडेड रॉड (आटे पाडलेल्या सळया) केमिकल अँकरने, म्हणजे भोकात भरून गोठणाऱ्या रसायनाने, बसवायचे आणि त्यांच्याभोवती काँक्रीटचा ठोकळा ओतायचा. आठ पाय, बत्तीस भोकं.

गवंडी मामा आले. आमचा मूळ स्लॅब टाकताना ते बिगारी होते. त्यांनी कोबा फोडला तो छिन्नीने, हळूहळू. मी ब्रेकर मशीन आणतो म्हणालो तर म्हणाले, "मशीननं कोबा निघंल, पर खालचा स्लॅब बी हादरंल. बस तू." आठ चौकोनांना पूर्ण दिवस गेला.

आजची चूक माझी, आणि ती महागात पडली असती. चौथ्या चौकोनात भोक पाडताना मशीन अचानक सैल गेलं आणि खाली पुढच्या खोलीत एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच) पडला. स्लॅबच्या पोटातून पंख्याच्या वायरिंगचा पाईप जातो, मी त्याच्यातच ड्रिल घातलं होतं. मशीनला रबरी मूठ होती म्हणून मी हे लिहितोय.

ज्याला करायचंय त्याने आधी खाली जाऊन प्रत्येक पंख्याच्या हुकापासून स्विचबोर्डापर्यंत सरळ रेघ कल्पावी, ती गच्चीवर खडूने उमटवावी, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना सहा इंच सोडावेत. शिवाय मेन स्विच बंद ठेवून मशीनला शेजारून वीज घ्यावी. वायर बदलायला इलेक्ट्रिशियनने १,८०० घेतले. पाय फूटभर सरकवला, तो फोडलेला चौकोन फुकट गेला आणि नवा फोडावा लागला.

२३ मार्च, रविवार

न्हाणीघराचं छत. सैल होतं ते सगळं काढलं, सळईच्या मागे बोट जाईल एवढं. ब्रश, गंजरोधक, दुसऱ्या दिवशी जोडाचा लेप, मग पॉलिमर मॉर्टर दोन थरांत. जिथे सळई सहावर आली होती तिथे शेजारी नवीन ८ ची बांधली. साधं सिमेंट-वाळू मारलं असतं तर सहाशेत भागलं असतं, पण ते दोन वर्षांत परत पडतं. हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय, आज स्वतःला सांगितलं. मजुरीसह ६,५०० गेले. टाकीचा बॉलव्हॉल्व्ह बदलला, मूळ रोग तोच होता.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

काम नाही. वर जाऊन फक्त गुढी बांधली. काठीला बांधलेलं रेशमी वस्त्र वाऱ्याने कसं ताडताड करत होतं ते दहा मिनिटं बघत बसलो. पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

हा दिवस पूर्ण वाया.

भोकं १४ मिलिमीटरची, ८० मिलिमीटर खोल. स्लॅब पाच इंची, त्यामुळे खाली दीड-पावणेदोन इंच राहतात. खोली चुकू नये म्हणून ड्रिल बिटला ८० वर लाल चिकटपट्टी गुंडाळली. आता भुकटी राखाडी निघत होती, ते बघून बरं वाटलं. तीन भोकांत सळई लागली. तिथे जोर न करता दोन इंच सरकून नवीन भोक, जुनं बुजवलं. सळई कापून पुढे जायचं नाही.

सकाळ भोकं पाडण्यात गेली, म्हणून रसायन भरायला दुपारचे दोन वाजले. एप्रिलमधले दोन. स्लॅबला हात लावता येत नव्हता. रसायनाच्या नळकांड्यावर तक्ता असतो, गरमी वाढली की गोठायचा वेळ कमी होतो. तो तक्ता मी वाचला होता. चार भोकं भरली, तेवढ्यात खालून हाक आली, एकाला अर्ध्या इंचाचा टेफ्लॉन टेप हवा होता. रविवारी दुकान बंद असतं हे त्याला सांगण्यात पाचेक मिनिटं गेली. वर आलो तर नोझल, म्हणजे नळकांड्याचं तोंड, दगड. जादा नोझल एकच होतं, ते लावलं, पण भरलेल्या चौथ्या भोकात रॉड पन्नास मिलिमीटरवरच अडकला. ना खाली, ना वर. ग्राइंडरने कापला. दुसरं नोझल पाचव्या भोकाच्या आधीच घट्ट झालं. नऊशेचं नळकांडं अर्ध्याहून जास्त भरलेलं फेकलं.

८ एप्रिल, मंगळवार

लागले होते ते तीन रॉड तपासले. पाईपचीच युक्ती, या वेळी चारशे किलोंची ओढ म्हणून टोकाला ऐंशी किलो. पाईपच वाकला. चारशेला दीड इंची पाईप पुरत नाही, हे मी विकतो त्या पाईपबद्दल मला ठाऊक नव्हतं. लातूरहून पुल-आउट टेस्टर (बोल्ट खेचून ओढ मोजणारं यंत्र) भाड्याने आणला, दिवसाचे १,५००.

टेस्टरवर एक रॉड चारशेला टिकला. दोन १८० च्या आसपास सरकत वर आले. बाहेर काढून बघितले तर रॉडला रसायन छान चिकटलेलं, पण रसायनाच्या अंगाला बारीक राखाडी भुकटी, साखरेत घोळलेल्या शंकरपाळ्यासारखी. रसायन भुकटीला चिकटलं होतं, स्लॅबला चिकटलंच नव्हतं. ही पहिली भोकं, त्यांत मी नुसती फुंकर मारली होती.

नियम पाकिटावर छापलाय: फुंका, ब्रश फिरवा, फुंका, परत ब्रश, परत फुंका. फुंकायचं पंपाने, तोंडाने नाही, तोंडाने थुंकी जाते आणि भुकटी डोळ्यात येते. ब्रश गोल, तारेचा, भोकापेक्षा किंचित जाड. दुकानात तो नव्हता, मी कधी ठेवलाच नव्हता. आता ठेवतो.

१२ आणि १३ एप्रिल

पहाटे साडेपाचला सुरू, आठच्या आत बंद. फोन खाली ठेवला. आदल्या संध्याकाळी सगळी भोकं साफ करून चिंध्यांचे बोळे घातले होते. एक माणूस बोळा काढतो आणि पुन्हा एकदा फुंकतो, दुसरा तळापासून दोन तृतीयांश भरतो, तिसरा रॉड फिरवत फिरवत आत घालतो. तोंडाशी थोडं रसायन बाहेर आलं म्हणजे आत पोकळी नाही. तिसरा माणूस म्हणजे माझी नववीतली मुलगी. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. दोन नळकांड्यांत सगळे रॉड बसले, काही उरलंही.

टेस्टर परत आणला नाही, भाडं परवडेना, म्हणून पाईपच जाड घेतला, अडीच इंची. प्रत्येक पायाचा एक असे आठ रॉड चारशेला खेचले. नळकांड्यावरचे आकडे भक्कम काँक्रीटचे असतात, आमचं एम-१५, त्यामुळे छापील आकड्यावर न जाता खेचूनच बघा, असं अभियंत्याने बजावलं होतं. एकही हलला नाही. मामांनी विचारलं, "आता तुझा जीव खाली आला का?"

१९ एप्रिल, शनिवार

ठोकळे ओतले. एकास दीडास तीन, फूटभर चौरस, दहा इंच जाड: चार इंच कोब्यात, सहा वर. सिमेंटच्या दोन गोण्या लागल्या. ठोकळा आणि कोबा यांच्या सांध्यात जलरोधक मसाला, वर गोलसर उतार, म्हणजे पाणी बुडाशी थांबत नाही. कठड्यालगतचं पन्हाळ अडणार नाही हे बघितलं.

खरी अडचण क्युरिंगची. नळाला पाणी आठवड्याने. आठ ठोकळ्यांना ओली पोती गुंडाळली आणि घरचं भांडी विसळलेलं पाणी वर नेलं, साबणाचं सोडून. दहा दिवस. आईचा अबोला याच काळात सुटला. दुपारी पोती ओली करायचं काम तिने स्वतःहून घेतलं.

४ मे, रविवार

सांगाडा आणि पॅनल. तीच दोन पोरं आली. ठोकळे बघून एक म्हणाला, "सर, ह्याला हत्ती बांधायचाय का?"

तरीही दोन गोष्टी पकडल्या. लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेलं, होतं, पण जागेवर कापलेल्या टोकांना आणि नव्या भोकांना ते काहीच लावत नव्हते. झिंकचा स्प्रे मारून घेतला. दुसरी, कडेचे क्लॅम्प. पॅनलची चौकट ३० मिलिमीटरची आणि क्लॅम्प आलेले ३५ चे. बोल्ट आवळला तरी पॅनल खुळखुळत होतं. पोराने खाली दोन वॉशर सारले आणि माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणालो. बरोबर मापाचे क्लॅम्प यायला सहा दिवस गेले.

१४ मे, बुधवार

या वर्षी मे महिन्यातच आभाळ फाटलंय. रात्री नऊला वारं सुटलं, लाईट गेली, समोरच्या शेडाचे दोन पत्रे आमच्या दारात येऊन पडले. त्या पत्र्यांचे हुकासारखे वाकडे बोल्ट जागेवरच होते, फाटले होते ते पत्रे, बोल्टाभोवती. मी बॅटरी घेऊन जिन्याच्या दारात उभा. वर सांगाडा शिट्टीसारखा वाजत होता पण हलत नव्हता. झोप नाही आली.

सकाळी टॉर्क पाना घेऊन सगळे नट तपासले. ठोकळ्यांचे बत्तीस जागच्या जागी. कडेचे दोन क्लॅम्प पाव फेरा ढिले सापडले, स्प्रिंग वॉशर घालायचे राहिले होते. घातले. न्हाणीघराचं छत कोरडं, ठोकळ्यांखालच्या खोल्याही कोरड्या.

१५ जून, रविवार

नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं) बसलं. छताचा हिशेब लावला: अभियंता ४,०००, न्हाणीघर ६,५००, वायरिंग १,८००, पीओपी ८००, तीन नळकांडी २,७००, सोळा मीटर रॉड १,९२०, ठोकळे आणि मामांची मजुरी ३,४००, टेस्टर १,५००, कोब्याची दुरुस्ती २,६००. एकूण २५,२२०. यातले चार-पाच हजार निव्वळ माझ्या मूर्खपणाचे. वेळ चार महिने. एकट्या क्युरिंग आणि क्लॅम्पने सोळा दिवस खाल्ले. आप्पांनी कागद वाचून फक्त टेस्टरच्या भाड्यावर बोट ठेवलं.

संध्याकाळी वर गेलो तर आईने मागच्या दोन पायांना दोरी बांधून गोधडी आणि तीन चादरी वाळत घातलेल्या. चादरी शिडासारख्या फुगलेल्या. मी म्हटलं, आई, इथे नको, ओढ लागते. तिने चिमटा तोंडात धरूनच उत्तर दिलं, "हत्ती बांधायचा व्हता म्हनं. गोधडी चालंना व्हय?"